पाणी न प्यालेलं कापड

वारा सुटला की खाणीची भुकटी आधी विणकराच्या छपरीत शिरायची आणि मग उरलेल्या गावात. या उन्हाळ्यात माग रिकामा होता, त्यामुळे ती अधिकच डोळ्यांत भरायची. चालत्या मागावर धूळ टिकत नाही. फणीचा ठोका बसला की उडून जाते. पण व्यापाऱ्यानं सूत देणं बंद केलं होतं. यंत्रावरच्या सतरंज्या स्वस्त पडतात, असं त्यानं तोंडावर सांगितलं आणि वर चहाही पाजला. तेव्हापासून थोरला रोज सकाळी उठून माग पुसायचा आणि मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून तिथंच बसून राहायचा. ज्याचा जन्म मागावर गेला, त्याला दुसरीकडं नीट बसताही येत नाही.

घरात माणसं तीन. म्हातारी, तिचा थोरला मुलगा आणि सून. चौथा होता, धाकटा. त्याला माग आवडायचा नाही, म्हणून तो खाणीत कामाला गेला, आणि गेल्या वर्षी एका सकाळी तिथंच राहिला. सुरुंगानंतर कडा सैल झाला होता. खालची माणसं उतरायला कचरत होती. "काही होत नाही, उतरा," असं वरून कुणीतरी म्हणालं, आणि कोण म्हणालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचा चांगला सदरा अजून छपरीच्या खांबावर खिळ्याला होता. कामाचे कपडे घालून जाताना त्यानं तो काढून टांगला होता, बाह्या दुमडलेल्या तशाच ठेवून. सून सगळी छपरी झाडायची, पण त्या सदऱ्याला हात लावायची नाही. धूळ त्याच्यावरही बसत होती.

म्हातारी तेव्हा खाणीच्या तोंडाशी जाऊन बसली होती. ऊन नाही, पाऊस नाही, बसून राहिली. गाड्या अडल्या, तपासणीला साहेब आले आणि खाण बंद पडली. पावसाळाभर बंद राहिली. मग ज्यांची पोटं खाणीवर होती ते लोक मेलेल्याबद्दल हळहळायचं सोडून जिवंत म्हातारीला बोल लावू लागले. दुसऱ्याच्या दुःखाची मुदत फार लवकर संपते, त्याला कोण काय करणार? खाण पुन्हा सुरू झाली, पण म्हातारीच्या घराशी गावाचं बोलणं सुरू झालं नाही. सून नळावर गेली की बायका आपापल्या बादल्या पुढं सरकवायच्या आणि भांडी घासण्यात गुंतल्यासारखं करायच्या.

खाणवाला, ज्याला सगळे मालक म्हणत, तो या घराकडं एकदाही फिरकला नाही. मुकादमाकरवी धान्याची पोती पाठवली. म्हातारीनं ती दारातूनच परत धाडली. थोरल्याला ते मनातून पटलं नव्हतं. माणूस रुसतो, पोट रुसत नाही.

आता तोच मुकादम पुन्हा येऊ लागला होता.

"किती दिवस माग पुसत बसणार?" तो थोरल्याला म्हणायचा. "पुढच्या महिन्यापासून ये की. वरच्या अंगाचं काम देतो. खाली उतरायचंच नाही."

"तुमच्या खाणीत वरचं अंगच खाली येतं," म्हातारी आतून म्हणाली.

मुकादम हसल्यासारखं करून निघून गेला. थोरल्याचं न बोलणंच म्हातारीला झोंबलं. नाही म्हणायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. एक पोरगा त्या खड्ड्यानं गिळला, आता दुसरा आपल्या पायांनी चालत जाणार. ती त्या दिवशी जेवली नाही. सुनेनं ताट झाकून ठेवलं, आणि मग तीही तशीच उठली.

शाळेतले मास्तर एक बाई घेऊन आले ते याच दिवसांत. बाई शहरातली. गावोगाव जाऊन लोकांकडून भिंती रंगवून घे, बाहुल्या करून घे, असलं तिचं काम. डोक्यावरचे केस पोरासारखे कापलेले, चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्याला दोरी बांधलेली. ती दोरी बघून म्हातारीनं तिला आत येऊ दिलं.

"गावात नवं सभागृह झालंय," बाई म्हणाली. "पण मास्तर सांगतात की एकत्र कुणी बसत नाही. वरच्या आळीला खुर्च्या पाहिजेत. खाणीवरचे मागं भिंतीला टेकून उभे राहतात. आणि..." पुढचं तिनं गिळलं.

"आणि आम्ही जातच नाही," सुनेनं पुरं केलं.

बाईची कल्पना अशी होती की गावातल्या प्रत्येक घरानं एक कापड द्यायचं. विकत आणलेलं नाही, अंगावर वापरलेलं. त्या सगळ्या कापडांच्या पट्ट्या फाडून एकच लांब सतरंजी विणायची आणि सभागृहात अंथरायची. खुर्च्या बंद. सगळ्यांनी तिच्यावरच बसायचं.

"फाटक्या कपड्यांवर बसली की माणसं सारखी होतात होय?" म्हातारीनं विचारलं.

"होत नसतील," बाई म्हणाली. "पण बसतील तरी."

हे उत्तर म्हातारीला बरं वाटलं असावं, कारण तिनं सुनेला चहा टाकायला सांगितलं. बाईनं मग कागदावर काढलेला भला मोठा सूर्य दाखवला. तो सतरंजीच्या मधोमध पाहिजे, म्हणाली. थोरला बराच वेळ त्या सूर्याकडं बघत राहिला. चिंध्यांच्या विणकामात नुसते आडवे पट्टे येतात, त्यात सूर्य काढायचा तर तो आडवा झोपवावा लागेल, असं त्यानं अखेर सांगितलं. बाई पोट धरून हसली आणि कागद घडी घालून पिशवीत टाकला. जाताना म्हणाली, "ही नीट झाली तर मला आणखी गावांसाठी करून हव्यात. वर्षभराचं काम निघेल."

थोरल्याचे पाय खड्ड्यात आपोआप हलले. म्हातारीनं ते पाहिलं. त्या क्षणापासून तिचा सगळा जीव त्या सतरंजीत अडकला. गावानं एकत्र बसावं की बसू नये, ते गाव जाणे. तिला थोरला मागावर बसलेला हवा होता.

कापडं यायला लागली आणि छपरीला पुन्हा रया आली. ज्या घरांनी वर्षभर तोंड फिरवलं होतं ती माणसं आता दारात येऊन घुटमळायची. कुणी लग्नातलं लाल लुगडं आणलं, पार विरलेलं. पोस्टमननं खाकी विजार दिली. एकीनं नवऱ्याचा सदरा दिला आणि त्यामागोमाग नवरा तोच सदरा शोधत उघडा आला. दुकानदारानं पोतं आणून टाकलं.

"हे कापड नाही," सून म्हणाली.

"विणलेलं आहे ना?"

"मग हेच घालून बसत जा दुकानात."

तो गुरगुरत गेला आणि धोतर घेऊन आला. पुढं लोक फक्त बघायलाच येऊ लागले. माझं आलं का? माझं कुणाशेजारी आहे? वरच्या आळीच्या एकानं तर आपलं कापड दाराकडच्या टोकाला नको, असं बजावून सांगितलं. म्हातारी पट्ट्या जोडता जोडता म्हणाली, "सभागृहाला दोन दारं आहेत. तुम्ही कुठल्या दाराबद्दल बोलताय?"

त्याला हिशेब लागेना, म्हणून तो निघून गेला. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत बाईनं शहरातून आणून दिलं होतं आणि काम चाललं होतं. सून फाडायची, म्हातारी जोडायची, थोरला ठोकायचा. विणलेली सतरंजी खालच्या दांड्यावर गुंडाळत जायची. फणीचा आवाज पुन्हा गल्लीत जाऊ लागला होता. पण म्हातारीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कुणी दारात आलं की ती मान वर करायची, चेहरा बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. एकदाही न फिरकलेल्या माणसाची ती वाट बघते, हे सुनेला कळायचं; पण विचारायची सोय नव्हती.

एके दिवशी मुकादम आला तो पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा घेऊन. कोराकरकरीत, कागदात गुंडाळलेला.

"मालकांकडून."

"वापरलेलं पाहिजे होतं," थोरला हळू म्हणाला.

"मालकांनी फाटकं पाठवायचं? त्यांच्या घरात फाटकं असतं होय?" मुकादमानं तागा मागावरच ठेवला. "मधोमध घे. चांगला रुंद पट्टा दिसला पाहिजे. आणि जपून, डाग पडता कामा नये. पुढच्या महिन्याचं लक्षात आहे ना?"

म्हातारी उठली. आपल्या पट्ट्यांची टोपली उचलून कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

"त्या घराची चिंधी मी हातात धरणार नाही," ती भिंतीला म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी सून आणि थोरला तागा फाडायला बसले. कोरं कापड फाटताना कडक आवाज करतं.

"अहो, हे पाणी प्यालेलं नाही," सून दबक्या आवाजात म्हणाली. "दोन-तीनदा भिजवून वाळवायला हवं. आटेल."

"कुठल्या पाण्यात भिजवू? नळाचं प्यायलाच पुरत नाही, तळ्याचा चिखल झालाय. पांढऱ्याचं पिवळं होईल."

"होऊ दे. शेवटी सतरंजी भिजवायची आहेच. तेव्हा सगळीच मळकट होणार."

"तेव्हा सगळ्यांचं एकदम होईल, कुणी बोलणार नाही. आधी एकट्या मालकाचं मळलं तर तो बोलेल." तो फाडतच राहिला. "खुंट्यांना ताणून बांधली की येते जागेवर. मला नको शिकवू."

सतरंजी बिघडली तर खाणीत जावं लागेल, ही भीती त्याला होती. आणि खाणीत जावंच लागलं तर मालक नाराज नको, हीही होती. दोन्ही डगरींवर पाय ठेवला की माणूस मध्ये चिरतो, हे सुनेला कळत होतं. पण नवऱ्याला चिरताना बघून त्याला वर शहाणपण कोण सांगणार? तिनं पट्ट्यांचे गोळे केले. पांढरा पट्टा विणला गेला, दांड्यावर गुंडाळला गेला, त्याच्यावर पोस्टमनची विजार आली, आणि तो दिसेनासा झाला.

सतरंजी मागावरून उतरली तेव्हा थोरला म्हणाला, "या वेळी भिजवायला नको. नुसती झोडपून देऊ."

"न भिजवता या घरातून सतरंजी गेलीय का कधी?" म्हातारी म्हणाली. तिला वाटलं, पोराला पाण्याची काळजी आहे. तिनं मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी गावाला, आणि घराघरातून एकेक बादली पाणी आलं.

तो दिवस चांगला उजाडला होता. छपरीमागच्या मोकळ्या जागेत सतरंजी अंथरली. चार माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढी रुंद, आणि लांबी तर गल्लीच्या वळणापर्यंत. लोक बादल्या ओतायचे आणि ओल्या रंगांत आपलं कापड शोधायचे. नळावर न बोलणारी एक बाई सुनेला म्हणाली, "धर गं तिकडून," आणि सुनेला एकदम रडू आलं. तिनं टोक धरलं. दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि बाई तुटक्या चपलेनं इकडून तिकडं पळत सगळ्यांची नावं विचारत राहिली.

दुपारी वारा सुटला. कोरडा, खाणीकडचा. सतरंजी वाळू लागली तशी पांढऱ्या पट्ट्याजवळची एक खुंटी हलली. थोरला धावला आणि तिच्यावर पाय देऊन उभा राहिला. समोरची उपटली. मग दोरी तुटल्याचा आवाज झाला. पांढरा पट्टा आखडत गेला आणि त्यानं शेजारचे पट्टेही आत ओढले. बघता बघता लांबरुंद सतरंजीला मधोमध कंबर आली.

मग मागून एकजण म्हणाला, "मालकानं सगळ्या गावाची कंबर आवळली की!"

सगळे हसले. मुकादम नाही हसला. "चांगलं कापड वाया घालवलं," तो म्हणाला. "विणकर म्हणे!"

"त्यानं नाही," कुणीतरी बोललं, "म्हातारीनं. मुद्दाम केलंय. मालकाचं तेवढं बरोबर आटलं, बाकीच्यांचं नाही?"

हसणं थांबलं. गर्दीतून तो शब्द फिरला. मुद्दाम. सूड. सकाळी टोक धरायला सांगणारी बाई आपली बादली शोधू लागली. म्हातारी पुढं आली. वाकून तिनं पांढऱ्या पट्ट्यावर हात फिरवला, नखानं एक धागा उचलला आणि थोरल्याकडं पाहिलं.

"भिजवलं नव्हतंस?"

थोरला खुंटीवर पाय ठेवून तसाच उभा होता. त्याची मान खाली गेली. म्हातारी आता सगळ्यांना सांगेल की मी त्या कापडाला हातही लावलेला नाही, असं सुनेला वाटलं. सांगायचीच होती ती गोष्ट, खरी होती. म्हातारी सरळ झाली.

"चूक आमच्या घराची आहे," ती म्हणाली. "आम्हीच निस्तरू."

शहरातल्या बाईनं विचारलं, "उसवता येईल?"

"तेवढा पट्टा कापून ओढून काढता येतो. मग दाभणानं दुसरा भरायचा."

"दुसरा कशाला?" मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "मालकांचं काढलं की काढलं. त्यांचं घर वगळू. तुम्हालाही... म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही."

म्हातारीनं सतरंजीकडं पाहिलं. सुनेला वाटलं, हो म्हणेल.

"वगळला की सुटला तो," म्हातारी म्हणाली. "नाही वगळायचा."

ती तशीच निघाली. खाणवाल्याचा ओटा नुकताच धुतलेला होता. म्हातारीचे धुळीचे पाय पायरीशीच थांबले. आत वर्दी गेली. मालक बाहेर आला तो हात पुसत. चाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं, तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर टिकेना. तो तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघू लागला.

"तुम्ही कशाला आलात, काकू? मी माणूस पाठवला असता."

"माणसंच पाठवता तुम्ही," म्हातारी म्हणाली. "कापड आटलं. कोरं होतं."

"दुसरं देतो. हवं तेवढं देतो."

"कोरं नको. तुमच्या अंगावरचं पाहिजे. आणि तुम्ही घेऊन यायचं."

"मुकादमाकडं देतो ना."

"मग राहू द्या. सतरंजीला भोक तसंच ठेवते. लोक विचारतील, कुणाचं घर म्हणून. सांगू आम्ही."

दारामागं बांगड्या वाजल्या. मालकाचं तोंड लाल झालं. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारी वळली होती. उतरताना तिचा गुडघा धरला, भिंतीला हात लावून ती घटकाभर उभी राहिली. बस म्हणायला कुणी पुढं आलं नाही. वाटेत तिला स्वतःचाच राग आला. काय मिळवलं? उद्या तो पोराला खाणीतही घेणार नाही आणि बाई काम देणार नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये ही जीभ.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पांढरा पट्टा कापून काढायचं काम चाललं. सतरंजी छपरीत ओढून घेतली होती. थोरला एका बाजूनं, सून दुसऱ्या बाजूनं. उघडा ताणा वीणेच्या तारांसारखा दिसू लागला. म्हातारी उठायची, दाराशी जायची, परत यायची. पाण्याचा तांब्या भरायची आणि न पिता ठेवायची.

"आई, बसा जरा," सून म्हणाली.

"बसलेच आहे," म्हातारी उभ्यानं म्हणाली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा गल्लीत कुत्री भुंकली. मालक येत होता. मागं मुकादम छत्री धरून. छपरीच्या तोंडाशी मालक थांबला आणि मुकादमाला म्हणाला, "तू जा."

"पण मालक..."

"जा म्हटलं ना."

मुकादम वळला, आणि जाता जाता आब राखायला आत डोकावून ओरडला, "पुढच्या महिन्यापासून येतोस ना रे?"

"नाही," थोरला म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. कापायचं चाललंच होतं. पण म्हातारीनं ते नीट ऐकलं.

मालक वाकून आत आला. काखेत पांढरा सदरा होता, घडी करून. सुनेला सवयीनं त्याच्यासाठी काहीतरी अंथरावंसं वाटलं, पण अंथरायला जे होतं ते उसवून पडलं होतं.

"बस," म्हातारी म्हणाली. "छपराला डोकं लागेल."

तो जमिनीवर बसला. धुळीत. म्हातारीनं सदरा घेतला, उलगडला, उजेडात धरला.

"कॉलर उलटवलीय."

"बायकोनंच उलटवली. टाकू देत नाही काही."

"हात बरा आहे तिचा," म्हातारी म्हणाली, आणि दाताशी धरून तिनं सदऱ्याला पहिली चीर दिली. मऊ झालेलं कापड आवाज न करता फाटत गेलं.

थोरल्यानं पट्ट्या उघड्या ताण्यावर धरून बघितल्या. शेजारचे पट्टे दोन्हीकडून थोडे थोडे सरकवले तरी जागा उरत होती. शिवाय कापड जुनं, झिजलेलं. एकेरी विणलं तर तुटलं असतं.

"एका सदऱ्यात होत नाही, आई. दुसऱ्या कशाचा तरी पीळ द्यायला हवा."

"मी घरून आणतो आणखी," मालक उठू लागला.

"एका घरचं एकच," सून म्हणाली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि मनात धरून ठेवलेलं बोलून टाकलं. "आपलं घर राहिलंय."

खरंच राहिलं होतं. सगळ्या गावाचं आलं, दुकानदाराचं धोतरसुद्धा आलं. पण विणकराच्या घरचं कापड कुणी मागितलं नव्हतं. मास्तरांनी नाही, बाईनंही नाही. विणणारे ते, त्यांचं काय धरायचं? सून रोज वाट बघत होती, कुणी विचारतं का. म्हातारीही बघत होती, हे तिला आत्ता सासूचा चेहरा बघून कळलं.

म्हातारी उठली. खांबाजवळ गेली आणि खिळ्यावरचा सदरा काढला. छपरीच्या तोंडाशी जाऊन तिनं तो झटकला. धूळ उडाली, वाऱ्यानं ती परत आत आणली. तिनं पुन्हा झटकला. मग खाली बसून एकेक बाही उलगडली. दुमडलेल्या जागी मूळचा निळा रंग तसाच होता. तिनं चीर द्यायला शिवण ओढली, ती उसवेना. पक्की होती, कारण शिवलेली तिनंच होती. थोरल्यानं पातं पुढं केलं. तिनं ते घेतलं, शिवण कापली आणि सदरा उभा फाडला. थोरला ताण्यावर वाकून राहिला. त्याच्या पाठीकडं बघून तो रडतोय हे सुनेला कळलं.

एक निळी पट्टी आणि एक मालकाची. म्हातारीनं दोन्हींची टोकं जुळवली, गाठ मारली आणि ती पुढं केली.

"धर."

मालकानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"तुलाच म्हणतेय. दोन्ही हातांनी धर. मी पीळ देते."

त्यानं धरली. म्हातारी दुसरं टोक घेऊन मागं मागं सरकत छपरीच्या टोकाला गेली आणि पीळ देऊ लागली. निळा वर, पांढरा वर, निळा वर. दोघांमध्ये पट्टी ताठ झाली.

"काकू," तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी यायला हवं होतं."

"हो."

"उतरा म्हणून मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

त्याचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता. पाणी गालावरून हनुवटीवर आलं, तिथून अंगातल्या सदऱ्यावर पडलं. म्हातारी ते बघत होती.

"सैल सोडू नकोस," ती म्हणाली. "पीळ सुटतो."

त्यानं सोडलं नाही. एक पट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी. थोरला दाभणानं भरत गेला. सून पलीकडून दाभण ओढून घेत होती. कुणी चहा मागितला नाही आणि कुणी केलाही नाही.

सभेच्या दिवशी सतरंजी सभागृहात अंथरली तेव्हा तासभर कुणी बसेचना. सगळे ओणवे होऊन आपापलं कापड शोधत होते. लाल लुगडं सापडलं, विजार सापडली, उघड्या आलेल्या नवऱ्यानं आपला सदरा ओळखून बायकोला दाखवला. बाई थोरल्याशी दाराशी बोलत उभी होती. पुढच्या गावाचं बोलत होती आणि थोरला बोटांनी रुंदी मोजून दाखवत होता.

म्हातारी आत आली. जागा करून द्यायच्या सवयीनं कुणीतरी म्हणालं, "काकू, इथं भिंतीशी बसा, टेकायला बरं." ती थांबली नाही. सतरंजीच्या मध्यापर्यंत गेली आणि निळ्या-पांढऱ्या पिळाच्या अरुंद पट्ट्याच्या अलीकडं बसली. सून तिच्या मागं बसली. हळूहळू गाव बसलं.

मालक उशिरा आला. खुर्ची नव्हती. लोकांनी पुढं जागा केली, पण तो मध्ये आला, म्हातारीजवळ, आणि खाली बसायला वाकला.

"तिथं नको," म्हातारी म्हणाली.

मालक अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

"तिथं पोरगा आहे माझा." तिनं पट्ट्याच्या पलीकडं हात आपटला. "इकडं बस."

तो पलीकडं बसला. जाड माणूस, जमिनीवर बसायची सवय मोडलेली. त्याचा पाय घसरून पट्ट्यावर आला.

"पाय आवर," म्हातारी म्हणाली. "लागेल त्याला."

मालकानं पाय पोटाशी घेतले.